मिखाएल कुणाच्या घरी

मिखाएलचा पेला महिनाभर अस्नाकूच्या घरात होता, आणि महिनाभर तिने घरात आवाज चढवला नव्हता. नवरा तादेले गवंडीकाम आटोपून चिखलाने भरलेल्या पायांनी सरळ आत यायचा, तरी ती नुसती त्याच्या पायांकडे बघायची आणि पाण्याचं भांडं पुढे करायची. तादेले म्हणायचा, "हा पेला कायमचा आपल्याकडेच राहू दे ना. मी मुसेंच्या पाया पडतो."

"पड की. पण आधी ते पाय धू."

पेला सोन्याचांदीचा नव्हता. काळ्या मातीचा, काठाशी टवका उडालेला, पांढऱ्या कापडात गुंडाळून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेला. पण वस्तीतल्या माहबरची तीच ठेव होती. माहबरची मंडळी दर महिन्याला देवदूत मिखाएलच्या दिवशी एकेकाच्या घरी जमायची. चर्चचे धर्मगुरू आब्बा येऊन भाकरीवर आणि तेल्ला नावाच्या जवाच्या घरगुती बिअरवर प्रार्थना म्हणायचे, सगळे त्या एकाच पेल्यातून प्यायचे, एकाच टोपलीत जेवायचे, आणि उठताना पेला पुढच्या घराच्या स्वाधीन व्हायचा. पेला ज्याच्या घरी, मिखाएल त्याच्या घरी. वर्षातून एकदा असा मान प्रत्येकाच्या वाट्याला यायचा. नियम एकच, पण कडक: कुणाशी अबोला असेल तर पेल्याला तोंड लावायचं नाही. आधी जाऊन भांडण मिटवायचं.

बाकीच्यांना माहबरमधली जागा आईबापांकडून मिळालेली होती. अस्नाकू आणि तादेले खालच्या उष्ण मुलखातून पोट भरायला या थंड गावात आलेले. ती इंजेरा, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या मऊ पोळ्या, भाजून चहाच्या दुकानांना विकायची. एक म्हातारे सभासद निपुत्रिक वारले, तेव्हा त्यांची जागा मंडळीने हिला दिली. त्यामुळे हा तिचा पहिलाच मान. तिने भिंती शेणामातीने सारवल्या, जवाला मोड आणले, कडवटपणासाठी गेशोची पानं कुटली, रानजैतुनाच्या लाकडाचा धूर मडक्यांना दिला आणि तेल्ला लावला. शेजारणी म्हणाल्या, "अगं, लग्न आहे की माहबर?" ती म्हणाली, "माझ्या लग्नात एवढं कुठे होतं!"

सणाच्या सकाळी चर्चहून परत येताच तिने जमिनीवर हिरवं गवत अंथरलं. आदल्या दिवशी केळीसारख्या कोब्याच्या रुंद पानांत भाजलेली भाकर मधोमध ठेवली. भाकर एवढी मोठी, की तादेलेने दोन्ही हात पसरून उचलली तेव्हा त्याचं तोंड दिसेना. पांढऱ्या शाली पांघरून मंडळी येऊ लागली. माहबरचे मुसे, म्हणजे प्रमुख, म्हणून सगळे ज्यांचं ऐकत ते देमिसे आले; वयाच्या मानाने त्यांना गाशे म्हणत. बाजारात शिलाईचं यंत्र घेऊन बसणारे, मंद बोलणारे गृहस्थ. कापडाच्या दुकानाची मालकीण झेनेबेच आली; अस्नाकू तिला थोरल्या बहिणीसारखं एतिये म्हणायची. तिने भिंतींकडे, छताकडे, गवताकडे नजर फिरवली आणि म्हणाली, "बरं केलंयस." झेनेबेचच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे खूप झालं. आब्बा आले. फक्त शेजारच्या म्हाताऱ्या यामरोत, ज्यांना सगळे मानाने एमामा म्हणत, त्या आल्या नाहीत.

"थांबू या," देमिसे म्हणाले. "त्यांच्याशिवाय कधी सुरू केलंय आपण?"

यामरोत सगळ्यांत जुन्या. अलीकडे त्यांचं चित्त थाऱ्यावर नसायचं. कालवणात दोनदा मीठ घालायच्या, तादेलेला आपल्या दिवंगत नवऱ्याच्या नावाने हाक मारायच्या, झऱ्यावर जायच्या आणि घागर घरीच राहायची. एकुलती एक मुलगी आयनालेम बैरुतला कुणाच्या घरी कामाला होती. ती रविवारी फोन करायची. बाकी रोजचं पाहणं अस्नाकूचं. सकाळी गरम इंजेरा कुंपणातल्या फटीतून द्यायची, संध्याकाळी चूल विझली का ते बघायची.

अस्नाकू त्याच फटीतून पलीकडे गेली. यामरोत दारातच उभ्या होत्या, काठाला मिखाएलच्या क्रूसाचं विणकाम असलेला ठेवणीतला पांढरा झगा घालून. आत जमिनीवर गवत अंथरलेलं होतं; कुंपणापासचं उपटून आणलेलं, त्याला अजून मुळं आणि माती. चुलीवर एक छोटी भाकर, बाहेरून करपलेली, आतून कच्ची.

"ये, ये," यामरोत म्हणाल्या. "तूच पहिली. बाकीचे कुठे अडकलेत? आब्बा तर कधी उशीर करत नाहीत."

"एमामा, मंडळी माझ्याकडे बसलीय. आज मान माझा आहे ना. चला, तुमचीच वाट बघतोय सगळे."

"तुझा कसा? मान माझा. फक्त तो पेला सापडत नाहीये. कोनाडा सकाळपासून रिकामा आहे."

"चला तर खरं," म्हणत अस्नाकूने त्यांचा हात धरला आणि हळूहळू घेऊन आली.

दारातून आत पाऊल टाकताच यामरोतची नजर पेल्यावर गेली. हात सोडवून त्या पुढे झाल्या. आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि त्यामुळेच खोलीतल्या सगळ्यांना नीट ऐकू गेला.

"हा इथे होय! अस्नाकू, मागितला असतास तर मी नाही म्हटलं असतं का? चोरून कशाला नेलास?"

अस्नाकूचे कान तापले. परक्या मुलखातून आलेल्या बाईला चोर हा शब्द कसा लागतो, ते ज्याचं त्याला कळतं. बाजारात एखादी पिशवी हरवली की लोक आधी तिच्याकडे बघायचे, ते दिवस तिला अजून आठवत होते.

"कुणीतरी घरी नेऊन बसवा त्यांना," झेनेबेच हळूच म्हणाली. "भाकर मागून पाठवू."

"मी का घरी जाऊ?" यामरोत म्हणाल्या. "मिखाएल माझ्या घरी यायचाय. मी गवत घातलंय." आणि त्यांचे ओठ लहान मुलीसारखे थरथरले.

सगळे देमिसेंकडे बघू लागले. देमिसेंनी बराच वेळ हातातली काठी फिरवली. मग म्हणाले, "अस्नाकू, घर तुझं, मान तुझा. तू म्हणशील तसं."

त्या क्षणी अस्नाकूला त्यांचा राग आला. मोठ्यांनी काय ते सांगावं आणि लहानांनी मान डोलवावी, हे किती सोपं असतं! तिने सारवलेल्या भिंतींकडे बघितलं. तादेलेकडे बघितलं, तो खाली मान घालून नखं कुरतडत होता. यामरोतकडे बघितलं. म्हातारीच्या बोटांना अजून माती लागलेली होती, गवत उपटताना लागलेली.

ती पुढे झाली, कापडासकट पेला उचलला आणि यामरोतच्या ओंजळीत ठेवला.

"उशीर झाला, एमामा," ती म्हणाली. "माफ करा मला."

"माफी देवाकडे माग," यामरोत म्हणाल्या. "आधी ती भाकर उचल. माणसं उपाशी आहेत."

कुणीतरी खुदकन हसलं. तादेलेने भाकर उचलली, दोघा जणांनी तेल्ल्याचं मडकं धरलं, बायकांनी कालवणाची भांडी घेतली. कुंपणाच्या फटीतून भाकर जाईना, तेव्हा तादेलेने दोन निलगिरीचे खांब उपटले आणि वाट मोठी केली. पुढे पेला घेऊन यामरोत, मागे आब्बा, मागे सगळे. बायकांनी आनंदाने जीभ हलवत इलिलिली असा सूर काढला.

यामरोतनी यजमानपण असं केलं, की जणू महिनाभर त्याच राबत होत्या. "घ्या ना, अजून घ्या. माझ्या घरी येऊन उपाशी जायचं नाही." प्रत्येकासमोर जाऊन इंजेऱ्यात कोंबडीचं कालवण गुंडाळायच्या आणि आपल्या हाताने त्याच्या तोंडात घास द्यायच्या. देमिसेंना दिला, आब्बांना दिला, झेनेबेचला दिला, तादेलेला तर दोन दिले. अस्नाकूसमोर आल्या, थांबल्या, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि पुढे गेल्या.

अस्नाकूने हात धुवायचं भांडं उचललं आणि ती बाहेर आली. परसात उभी राहून तिने तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं. तादेले मागून आला.

"घर बघ आपलं," तो म्हणाला. "अजून लख्ख आहे. माहबर होऊनसुद्धा एक गवताची काडी वाकडी नाही. असं कुणाचं झालंय?"

तिने ओला हात त्याच्या छातीवर मारला, आणि मग रडतारडताच हसू आलं तिला.

त्या दिवशी पेला झेनेबेचकडे गेला.

पुढच्या मिखाएलच्या सकाळी अस्नाकूने कुंपणापलीकडे पाहिलं, तर यामरोतनी पुन्हा गवत घातलेलं. ती धावतपळत चर्चच्या दारात झेनेबेचला गाठायला गेली.

"एतिये, एमामांना पुन्हा वाटतंय की आज मान त्यांचाच आहे. काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे?" झेनेबेच म्हणाली. "तुझ्या घरी तू दिलास मान, तुझी मर्जी. मिखाएलला काही क्रम आहे की नाही? माहबर म्हणजे पोरांचा भातुकलीचा खेळ आहे का, की जो रडेल त्याला द्यायचं? समजावून घेऊन ये त्यांना माझ्याकडे. गाडी ठरवते मी."

झेनेबेचचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. नव्या सिमेंटची जमीन, भिंतीला निळा रंग. अस्नाकूने परोपरीने समजावलं, पण यामरोत दारातून हलेनात. "यजमानीण घर सोडून जाते का कुठे?" शेवटी अस्नाकू एकटीच गेली. प्रार्थना झाली, पेला फिरला, झेनेबेचने कशाचीही कसर ठेवली नव्हती. आब्बांनी आशीर्वाद दिलेल्या भाकरीचा एक तुकडा तिने शालीच्या टोकात बांधला आणि ती सगळ्यांच्या आधी निघाली.

यामरोत फाटकापाशी बाकड्यावर बसलेल्या होत्या. सकाळपासून बसलेल्या असाव्यात. मागे उघड्या दारातून दिसणारं गवत सुकून पिवळं पडलं होतं.

"कुणी आलं नाही गं," त्या म्हणाल्या. आज त्यांच्या आवाजात राग नव्हता. "एकही माणूस आलं नाही. माझ्याकडून काही चुकलं का? कुणाचं मन दुखावलं का मी? तुला काही कळलं असलं तर सांग. मी जाऊन पाया पडेन त्याच्या."

अस्नाकू शेजारी बसली. तिने शालीची गाठ सोडून भाकर काढली आणि निम्मी त्यांच्या हातावर ठेवली. "मी आलेय ना," ती म्हणाली. दोघींनी तिथेच बसून भाकर खाल्ली.

रविवारी चर्च सुटल्यावर मंडळी आवारातल्या मोठ्या झाडाखाली नेहमीसारखी टेकली, तेव्हा अस्नाकूने फाटकापाशी जे पाहिलं ते सगळं सांगितलं. सांगता सांगता तिचा तोल गेला. ती झेनेबेचकडे वळून म्हणाली, "तुमच्या सिमेंटवर आम्ही कोंबडी खात होतो, आणि तिकडे म्हातारीच्या दारात गवत वाळत होतं. मिखाएल कुठे गेला असेल त्या दिवशी, तुम्हीच सांगा, एतिये!"

"काल आलेली तू, मला मिखाएल शिकवतेस?" एवढंच बोलून झेनेबेच उठली आणि शाल सावरत चालू लागली.

तिला कुणी हाक मारली नाही. थोड्या वेळाने आब्बा म्हणाले, "मिखाएलला दोन घरांमधलं अंतर फार नाही. माणसांनाच चालावं लागतं." देमिसेंनी काठी जमिनीवर टेकवली. "असं करू या. मान ज्याचा त्याचाच राहील. स्वयंपाक तोच करील, तेल्ला तोच लावील. फक्त सगळं उचलून यामरोतच्या घरी न्यायचं. त्यांचं आयुष्य आहे तोवर."

"आणि त्या अजून वीस वर्षं जगल्या तर?" कुणीतरी विचारलं.

"तर तुझं वजन कमी होईल, भांडी उचलून उचलून," देमिसे म्हणाले.

पुढचा मान देमिसेंचाच होता. त्यांच्या बायकोने रांधलेलं सगळं गाढवावर लादून यामरोतच्या घरी आलं. यामरोत दारात हसतमुख उभ्या. मंडळी बसली, आब्बांची प्रार्थना झाली, आणि पेला हातात घेऊन देमिसेंनी नेहमीचा प्रश्न विचारला, "कुणाचा कुणाशी अबोला आहे का?"

झेनेबेचची जागा रिकामी होती. नुसता रिवाज म्हणून विचारला जाणारा प्रश्न त्या दिवशी अस्नाकूच्या अंगावर आला.

"माझा आहे, गाशे," ती म्हणाली.

देमिसेंनी पेला खाली ठेवला आणि त्यावर कापड टाकलं. "मग जाऊन ये. आम्ही थांबतो."

"अन्न गार होईल!" एक जण कळवळून म्हणाला.

"होऊ दे. चूल आहे घरात."

अस्नाकू अख्खं गाव तुडवत निघाली. वाटेत ती मनाशी बोलत होती: मी खोटं काय बोलले? गवत वाळलं नव्हतं का? पण झेनेबेचचं फाटक उघडून आत आली, तेव्हा झेनेबेच त्या निळ्या खोलीत भिंतीला टेकून एकटीच बसलेली दिसली. अंगावर सणाची पांढरी शाल होती. म्हणजे यायला तयार झाली होती आणि मग निघालीच नव्हती.

"एतिये, मी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. माझं चुकलं," अस्नाकू म्हणाली.

झेनेबेचने शेजारची जागा दाखवली. "बस," ती म्हणाली. "ही जमीन मी का केली, माहीत आहे तुला?"

"नाही."

"नवरा अदिस शहरात गेला तो तिकडचाच झाला. पोरं फोन करतात, त्यांच्या सवडीने. दुकानात दिवसभर माणसं असतात, पण घरात कोण येतं? वर्षातून एक दिवस हे घर भरतं. मिखाएलच्या दिवशी. तेवढ्या चपला दारात बघितल्या की मला वर्ष काढता येतं." तिने शालीने नाक पुसलं. "आता तोही दिवस तुम्ही उचलून दिलात. आणि ती म्हातारी, देव तिला सुखी ठेवो, तिला तर दुसऱ्या दिवशी आठवतसुद्धा नाही. मला आठवतं."

स्वतःचं लख्ख, न विस्कटलेलं घर तिच्या डोळ्यांसमोर आलं. तिला वाटत आलं होतं, की त्या दिवशी गमावलं ते फक्त आपण.

"एतिये," ती म्हणाली, "जेवण तिकडे होऊ दे. पण कॉफी?"

"कॉफीचं काय?"

"जेवणं झाली की सगळ्यांनी मानकऱ्याच्या घरी जायचं. आज तिथून देमिसेंकडे, तुमच्या वेळी तुमच्याकडे. कॉफी काय अर्ध्या तासात होते? बिया भाजायच्या, कुटायच्या, तीनदा उकळायची. संध्याकाळपर्यंत कुणी उठणार नाही."

झेनेबेचने तिच्याकडे निरखून पाहिलं. "आणि एमामा?"

"त्यांनाही नेऊ. यजमानीण जेवण झाल्यावर पाहुण्यांना पोचवायला जातेच की."

"हे तुझ्या डोक्यात केव्हा आलं?"

"आत्ताच."

"वाटलंच," झेनेबेच म्हणाली आणि उठली. "काल आलेली तू." पण आता ते शब्द निराळेच वाटत होते. तिने गाडीवाल्याला हाक मारली, आणि दोघी एकाच घोडागाडीतून हेलकावे खात वस्तीत आल्या. मंडळी तशीच बसून होती. यामरोत त्यांना बघून म्हणाल्या, "आलात एकदाच्या! गप्पा मारायला आजचाच दिवस सापडला का?" देमिसेंनी कापड बाजूला केलं. पेला आधी झेनेबेचने घेतला, मग अस्नाकूला दिला.

तिथून हा शिरस्ताच पडला. शेतं हिरवी झाली, पिवळी झाली, पुन्हा नांगरली गेली. दर महिन्याला कुणाचं तरी गाढव लादलं जाई आणि यामरोतच्या दारात थांबे. दर महिन्याला यामरोत यजमानीण असत. पुष्कळ गोष्टी त्या विसरल्या, पण अस्नाकूने पेला पळवला होता, ही एकच गोष्ट त्यांच्या मनात का कोण जाणे चिकटून राहिली. पेला अस्नाकूच्या हाती आला की त्या टक लावून बघायच्या. मंडळीत त्याची थट्टाच झाली. "पेला सांभाळा रे, अस्नाकू आली," देमिसे म्हणायचे, आणि अस्नाकूच मोठ्याने हसायची. सुरुवातीला दुखायचं. मग सवय झाली. रोजचा इंजेरा मात्र तिने एक दिवसही चुकवला नाही. चोर म्हणणाऱ्या तोंडालाही भूक लागतेच.

दुसऱ्या वर्षी यामरोतचं चालणं थांबलं. मग गवत बायका आळीपाळीने घालू लागल्या, झगा अस्नाकू चढवू लागली. झेनेबेच दुकानातून मऊ कापड घेऊन यायची आणि त्यांच्या पाठीखालची चादर बदलायची. स्वतःच्या हाताने घास घेणंही यामरोत विसरल्या, तेव्हा अस्नाकू त्यांचं डोकं मांडीवर घेऊन त्यांना भरवायची. एका मिखाएलच्या दिवशी असंच भरवताना यामरोतनी तिचं मनगट धरलं. इंजेऱ्याचा तुकडा दोन बोटांनी तोडला, कालवणात बुडवला आणि थरथरत्या हाताने तिच्या तोंडाशी आणला. निम्मा शालीवर सांडला. त्यांनी अस्नाकूला ओळखलं होतं, का ही कुणी पाहुणी आहे, हिला घास द्यायला हवा, एवढंच त्यांच्या हाताला आठवलं होतं, कुणास ठाऊक. अस्नाकूने घास चावला आणि गिळला.

मळणीच्या दिवसांत एका सकाळी अस्नाकू इंजेरा घेऊन गेली, तेव्हा यामरोत गेलेल्या होत्या. मंडळीनेच त्यांना चर्चच्या मागे नेऊन ठेवलं. आयनालेमला मालकीण लगेच सोडेना. ती पोचली ती चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला. उंच, हडकुळी, हातांची कातडी साबणाच्या पाण्याने फुटलेली. प्रार्थना झाली, जेवणं झाली, मंडळी आईच्या खोलीत बसून राहिली. आयनालेम एकेकाला कॉफी देत होती. देता देता ती थांबली.

"मला तुम्हाला एक विचारायचंय," ती म्हणाली. "आईचे शेवटी शेवटी फार हाल झाले का? म्हणजे डोक्याने?"

"का गं?" देमिसेंनी विचारलं.

"फोनवर म्हणायची, मिखाएल आज माझ्या घरी आला होता. सगळी मंडळी आली होती, आब्बा आले होते, मी सगळ्यांना जेवायला घातलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. दर महिन्याला तेच. मी तिकडे परक्याच्या स्वयंपाकघरात उभी राहून रडायचे. वाटायचं, वर्षातून एकदा येणारा मिखाएल दर महिन्याला कसा येईल? म्हातारी रिकाम्या घरात एकटी बसून स्वप्नं बघतेय. आणि मी इथे दुसऱ्याची भांडी घासतेय."

अस्नाकूने पदरासारखं शालीचं टोक तोंडावर धरलं. शेवटी झेनेबेचने घसा साफ केला.

"येत होता," ती म्हणाली.

"काय?"

"मिखाएल. दर महिन्याला येत होता. मी कोंबडी करून आणली, तर त्यात मीठ जास्त झालं होतं. तुझ्या आईने सगळ्यांसमोर सांगितलं मला. म्हणाली, झेनेबेच, माझ्या घरचं कालवण आज खारट कुणी केलं?"

देमिसे हसू लागले. मग तादेले हसला, मग सगळेच. आयनालेम हातात किटली घेऊन या चेहऱ्याकडून त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. हळूहळू तिला उमगत गेलं. तिने किटली खाली ठेवली, तिथेच सुकलेल्या गवतावर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागली. यावेळचं रडणं निराळं होतं; कुणी तिला गप्प केलं नाही. अस्नाकू सरकून तिच्या शेजारी गेली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून बसली.

शांत झाल्यावर आयनालेम म्हणाली, "आईची जागा मला घ्यायचीय. परत नाही जायचं मी. पण मला तेल्ला लावता येत नाही. सगळं विसरलेय."

"त्यात काय एवढं," अस्नाकू म्हणाली. "उद्या ये माझ्याकडे. जव भिजत घालू."